वाचकांचे प्रश्न : पहाऱ्याविना कैदी

मागच्या अंकात कुणीतरी ऑस्ट्रेलियातल्या इटालियन वस्तीबद्दल विचारलं होतं. उत्तर देताना ओघात दोन ओळी लिहून गेले, की माझ्या घरापासून गाडीने अर्ध्या तासावर मर्चिसन नावाचं खेडं आहे, तिथल्या दफनभूमीत १३० इटालियन माणसांच्या अस्थी एका लहानशा चॅपेलसारख्या (म्हणजे छोट्या ख्रिस्ती प्रार्थनागृहासारख्या) इमारतीत ठेवल्या आहेत, ही माणसं दुसऱ्या महायुद्धात इथे युद्धकैदी किंवा स्थानबद्ध म्हणून होती, आणि असे कितीतरी कैदी पहाऱ्याविना शेतकऱ्यांच्या घरी राहून काम करायचे. त्या दोन ओळींवर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. तेव्हा या वेळी बाकीचे प्रश्न (व्हिसा, आईवडिलांचा विमा, अळूची पानं कुठे मिळतात) बाजूला ठेवते आणि फक्त कैद्यांवरचेच घेते.

नवीन वाचकांसाठी सांगते. मी साताऱ्याची. लग्न करून व्हिक्टोरिया राज्याच्या उत्तर भागात, शेपर्टनजवळ आले आणि बावीस वर्षं फिरत्या ग्रंथालयाची गाडी चालवली. इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. जे आहे ते गाडीतल्या पुस्तकांत वाचलेलं आणि गाडीच्या पायरीवर बसून म्हाताऱ्या माणसांकडून ऐकलेलं.

"ताई, शत्रूचे कैदी शेतकऱ्याच्या घरी राहायचे आणि बंदूकवाला पहारेकरी नसायचा, हे काही पटत नाही. पळून कसे जात नव्हते? आणि मुळात इटलीचे कैदी ऑस्ट्रेलियात आले कसे?" (निवृत्त शिक्षक, कोल्हापूर)

सर, तुमचा दुसरा प्रश्न आधी घेते. डिसेंबर १९४० मध्ये इजिप्तच्या सरहद्दीजवळ सिदी बर्रानी इथे ब्रिटिश फौजांनी इटालियन तळांवर अचानक हल्ला चढवला. त्या हल्ल्यात आपली चौथी भारतीय डिव्हिजनही होती. मग शेजारच्या लिबियातलं बार्दिया पडलं, तोब्रुक पडलं, आणि फेब्रुवारी १९४१ पर्यंत सुमारे १,३०,००० इटालियन सैनिक कैद झाले होते. एवढ्या माणसांना वाळवंटात पाणी तरी कुठून पाजायचं? इजिप्तमध्ये ठेवावं तर खर्च आणि धोका दोन्ही. मग साम्राज्यभर त्यांची वाटणी झाली. भारत, दक्षिण आफ्रिका, केनिया, ऑस्ट्रेलिया आणि खुद्द इंग्लंड.

प्रवास सुखाचा होता असं कुणी समजू नये. सप्टेंबर १९४२ मध्ये 'लॅकोनिया' नावाचं जहाज सुमारे १,८०० इटालियन कैद्यांना घेऊन इंग्लंडकडे निघालं होतं. ते पश्चिम आफ्रिकेपासून दूर समुद्रात जर्मन पाणबुडीने बुडवलं. म्हणजे त्यांच्याच दोस्ताने. त्यातले बहुतेक कैदी गेले.

ऑस्ट्रेलियात पहिली जहाजं १९४१ मध्ये लागली. पुढे हजारो जणांना भारतातल्या छावण्यांतून इकडे हलवलं. एकूण आकडा अठरा हजारांच्या आसपास. सुरुवातीला सगळे काटेरी तारांच्या आत, काऊरा, हे आणि आमचं मर्चिसन इथल्या छावण्यांत. ('हे' हे गावाचं नाव आहे, छपाईची चूक नाही.) इकडे शेतांवरची तरणी पोरं सैन्यात गेलेली. गाई दोन वेळा पिळायच्या असतात, त्यांना युद्ध कळत नाही. शिवाय स्वतःचं पोट, पॅसिफिकमधल्या अमेरिकन फौजा आणि इंग्लंडला पाठवायचं धान्य-मांस, असा तिहेरी बोजा. शेवटी १९४३ च्या मध्यावर सरकारने ठरवलं, की कैदी सरळ शेतकऱ्यांना वाटून द्यायचे आणि पहाराही ठेवायचा नाही. एका शेतावर साधारण एक ते तीन माणसं. आपल्या तालुक्याच्या गावासारख्या एखाद्या ठिकाणी एक अधिकारी, चार शिपाई आणि एक दुभाष्या, बस्स. ते अधूनमधून चक्कर मारायचे.

आता पळण्याचं. अंगावर जुने लष्करी कपडे गडद तांबड्या ('मरून') रंगात बुडवून काढलेले. मैलभरावरून दिसावेत म्हणूनच तो रंग. इंग्रजी येत नाही, खिशात रोख पैसा नाही, कुठल्याही दिशेला चालत गेलं तर आधी मेंढ्या आणि मग समुद्र. तरी काही पळालेच. सापडले, कोठडीत बसून आले, आणि बहुतेक वेळा पुन्हा दुसऱ्या कुठल्यातरी शेतावर गेले. पण माझ्या मते खरं कारण निवडीत आहे. शेतावर पाठवताना फॅसिस्ट पक्षाचे कट्टर लोक वगळले जायचे आणि शेतीची सवय असलेले पुढे घेतले जायचे. ज्याचं सगळं आयुष्य दुसऱ्याच्या जमिनीवर कुदळ मारण्यात गेलं, त्याला तारेच्या आत दिवसभर पत्ते कुटत बसण्यापेक्षा गाय पिळणं बरं वाटलं असणार.

अर्थात 'शेतकरी' म्हणून नाव नोंदवलेले सगळे शेतकरी नव्हतेच. माझ्या गाडीवर दर पंधरवड्याला पुस्तकं बदलायला एक आजी यायच्या. १९४४ मध्ये त्या नऊ वर्षांच्या होत्या आणि त्यांच्या वडिलांच्या शेतावर दोन कैदी आले. एक चाळिशीचा, दक्षिण इटलीतला, हाडाचा शेतकरी. दुसरा पोरगेला. तो पहिल्याच दिवशी गाईच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसला आणि लाथ खाऊन उठला. तो न्हावी निघाला. पुढची दोन वर्षं आसपासच्या चार शेतांवरच्या सगळ्यांचे केस रविवारी तोच कापायचा.

"त्यांना मजुरी काय मिळायची आणि जेवण कोणाकडे? आमच्याकडे आज द्राक्षाच्या छाटणीला माणूस मिळत नाही, म्हणून विचारतो. गंमत म्हणून नाही." (द्राक्ष बागायतदार, निफाड)

तुमचा प्रश्न मला सगळ्यांत आवडला. बाकीच्यांनी युद्धाचं विचारलं, तुम्ही हिशेबाचं विचारलंत.

शेतकरी दर कैद्यामागे आठवड्याला एक पौंड सरकारला भरायचा. वर जेवण आणि झोपायची जागा. कपडे आणि औषधपाणी लष्कराचं. मोकळ्या मजुराचा आठवडा त्या काळात याच्या कितीतरी पट पडायचा, तोही मिळाला तर. कैद्याच्या नावावर रोजचे सव्वा शिलिंग (वीस शिलिंगांचा एक पौंड) जमा व्हायचे. 'नावावर' हा शब्द महत्त्वाचा, कारण रोख हातात द्यायची नाही हा नियम होता. हातात पैसा आला की आगगाडीचं तिकीट येतं. पंधरवड्याला लष्कराची कॅन्टीनची गाडी शेतांवर फिरायची. सिगारेट, दाढीची पाती, साबण, पत्राचे कागद तिच्यातून घ्यायचे आणि खात्यातून वजा करायचे. आजी म्हणायच्या, "तुझी गाडी येते ना, तशीच ती यायची. आणि आमचे दोघे तुझ्या वाचकांपेक्षा लवकर येऊन उभे राहायचे."

आणि हो, १९२९ च्या जिनिव्हा करारानुसार कैद्यांकडून थेट युद्धाला लागणारं काम करून घेता येत नव्हतं आणि अधिकाऱ्यांना कामाची सक्ती नव्हती. म्हणून शेती सगळ्यांच्या सोयीची. भाजीला कुणी दारूगोळा म्हणत नाही.

जेवणाचं सांगते. इथे त्या काळी शेतावरचं जेवण म्हणजे मटण, उकडलेला बटाटा, उकडलेला कोबी; दुसऱ्या दिवशी थंड मटण, उकडलेला बटाटा. आजींच्या आईने पहिला महिना दोघांची ताटं भरून मागच्या खोलीत पाठवली. कैद्यांशी सलगी करायची नाही, असं बजावलेलं. ताटं निम्मी परत यायची. ती बिचारी समजली, आपल्या हाताला चव नाही. एका पावसाळी रविवारी तो चाळिशीचा गृहस्थ स्वयंपाकघराच्या दारात टोपी हातात घेऊन उभा राहिला आणि खुणेनेच पीठ आणि अंडी मागितली. ओट्यावर त्याने पीठ मळलं, बाटलीने लाटलं, चाकूने पट्ट्या कापल्या. मग दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून, मधे अंतर ठेवून उभ्या केल्या, त्यांवर झाडूचा दांडा आडवा टाकला आणि त्या पट्ट्या वाळत घातल्या. आजी सांगायच्या, "आईने तो झाडू नंतर तीन वेळा धुतला. पण त्या दिवसापासून ते दोघे आमच्या टेबलावर जेवायला लागले." नियम मोडला म्हणून कुणी तक्रार केली नाही, कारण सगळ्याच शेतांवर थोड्याफार फरकाने हेच चाललं होतं.

तेलाची गंमत तर ऐकाच. ऑलिव्हचं तेल गावात मिळायचं फक्त औषधांच्या दुकानात. इवल्याशा बाटलीत. कान दुखला तर दोन थेंब घालायला. आजींचे वडील एका शनिवारी तिथे गेले आणि सहा बाटल्या मागितल्या. दुकानदाराने काळजीने विचारलं, घरात इतके कान दुखतायत का?

आणि लसूण. त्या घरात लसूण कधी आलाच नव्हता. आमच्याकडे एप्रिल-मे म्हणजे शरद ऋतू, लसूण लावायचे दिवस. त्या चाळिशीच्या गृहस्थाने शेडच्या मागे दोन वाफे केले. आपल्याकडच्यासारखेच, काठावरून पाणी फिरवता येईल असे. पाकळ्या टोक वर करून, वीतभर अंतरावर. १९४५ च्या डिसेंबरात पहिला लसूण निघाला, त्याच्या वेण्या घालून शेडमध्ये टांगल्या. १९४६ च्या शरदात त्याने पुन्हा लावला. तो काढायला मात्र तो नव्हता. हिवाळ्यात एक ट्रक आला आणि दोघांना छावणीत घेऊन गेला. कैद्यांना शेतांवरून परत गोळा करायला सुरुवात झाली होती. डिसेंबरात आजींच्या आईने तो लसूण उपटला, त्याच्यासारख्या वेण्या घालायचा प्रयत्न केला. जमल्या नाहीत, म्हणून सुतळीने बांधून टांगला. वापरला कुणी नाही. कसा वापरायचा ते तोवर माहीत झालं होतं, पण हात गेला नाही, असं आजी म्हणाल्या.

छाटणीचं विचारलंत म्हणून : पेअरच्या झाडांची छाटणी तो आजींच्या वडिलांपेक्षा जास्त खोल करायचा. त्यावरून दोघांची भांडणं व्हायची, एकाची इंग्रजीत, दुसऱ्याची इटालियनमध्ये. शेवटी एक ओळ याची, एक ओळ त्याची. कुठल्या ओळीला जास्त फळ आलं ते मी विचारलं. आजी म्हणाल्या, "बाबांनी आम्हाला कधी सांगितलं नाही." यावरून काय ते समजा.

"प्रेमप्रकरणं झालीच असतील की! त्यावर लिहा ना." (मुंबई)

झाली. नियमाने सक्त मनाई होती, पकडला गेला तर कैद्याला कोठडी. तरी झाली, मुलंही झाली. त्यांतली काही आज ऐंशीच्या घरात आहेत आणि आपापल्या गावांत राहतात, म्हणून इथेच थांबते.

"स्कॉटलंडच्या सहलीत ऑर्क्नी बेटांवर 'इटालियन चॅपेल' दाखवलं. गाईड भराभर बोलला, नीट कळलं नाही. ते याच कैद्यांनी बांधलं का?" (ठाणे)

हो, पण ते शेतावरचे नव्हेत. ऑक्टोबर १९३९ मध्ये जर्मन पाणबुडी ऑर्क्नीतल्या स्कॅपा फ्लोच्या नाविक तळात शिरली आणि तिने 'रॉयल ओक' ही युद्धनौका बुडवली. आठशेच्या वर माणसं गेली. तेव्हा चर्चिलने बेटांमधल्या पूर्वेकडच्या फटी काँक्रीटचे ठोकळे टाकून बंद करायचं ठरवलं. ठोकळे पाच आणि दहा टनांचे. त्यासाठी १९४२ च्या सुरुवातीला इटालियन कैदी आणले. त्यांतले काही लॅम्ब होम नावाच्या एवढ्याशा ओसाड बेटावर, छावणी क्रमांक ६० मध्ये. कैद्यांनी काम नाकारलं. हे युद्धाचं काम आहे, जिनिव्हा कराराच्या विरुद्ध आहे, असं त्यांचं म्हणणं आणि ते बरोबर होतं. त्यावर अधिकाऱ्यांनी सांगितलं, छे, हे तर बेटांवरच्या लोकांसाठी रस्ते आहेत. आज त्यावरून खरंच रस्ता जातो, तुमची बसही त्यावरूनच गेली असणार. म्हणजे थाप खरी ठरली.

चॅपेल म्हणजे अर्धगोल पत्र्याच्या दोन निसेन झोपड्या एकमेकींना जोडलेल्या. आतलं चित्रकाम दोमेनिको किओकेत्ती या कैद्याचं. वेदीमागचं मरियमचं चित्र त्याने आईने दिलेल्या एका छोट्या धार्मिक चित्रावरून काढलं. ते तो सगळ्या युद्धभर जवळ बाळगून होता. दिवे बनवले खारवलेल्या मांसाच्या रिकाम्या डब्यांचे. आतल्या विटा आणि कोरीव दगड तुम्हाला खरे वाटले असतील, तर हात लावून बघायला हवा होता : सपाट बोर्डावर रंग आहे. १९४४ मध्ये बाकीचे कैदी बेट सोडून गेले, पण बाप्तिस्म्याचं पात्र पुरं व्हायचं होतं म्हणून किओकेत्ती मागे थांबला. १९६० मध्ये तो इटलीहून परत आला आणि उडालेला रंग स्वतः पुन्हा दिला.

इंग्लंडात शेतावर राबलेले कैदी याहून कितीतरी जास्त होते. १९४१ च्या जुलैपासून यायला लागले, आणि युद्ध संपेपर्यंत एकूण इटालियन कैदी दीड लाखांवर गेले. त्यांचे कपडे चॉकलेटी, पाठीवर आणि पायावर रंगीत ठिगळ. बटाटे काढणं, बीट उपटणं, चर खणणं. तिथल्या जुन्या शेतकऱ्यांची एकच तक्रार : हे लोक फासे लावून गाणारे पक्षी धरतात आणि खातात. विणकाम मात्र सगळ्यांना आवडायचं. वाळुंजाच्या फोकांच्या टोपल्या ते सिगारेटच्या बदल्यात विकायचे.

"तुमच्या लिखाणात या लोकांबद्दल फारच माया दिसते. हे फॅसिस्ट सैन्य होतं. यांनी अॅबिसिनियात विषारी वायू सोडला. मुसोलिनीचे शिपाई लसूण लावतात म्हणून गोड झाले का?" (पुणे)

रागावून लिहिलंत ते बरं झालं. वायूचं खरं आहे. १९३५-३६ च्या युद्धात इटलीने इथिओपियावर, म्हणजेच तेव्हाच्या अॅबिसिनियावर, मस्टर्ड गॅस टाकला, आणि १९३७ च्या फेब्रुवारीत अदिस अबाबात नागरिकांची कत्तल केली. आजींच्या घरचा चाळिशीचा गृहस्थ त्या युद्धात होता का? मी विचारलं होतं. त्यांना माहीत नाही. त्यांच्या वडिलांनी कधी विचारलं नाही, आणि त्याने सांगितलं नाही. वयावरून असू शकतो. मी ती शक्यता मनात ठेवूनच लसणाचं लिहिलं.

गोडव्याबद्दल माझीही एक कुरकुर आहे, पण ती वेगळ्या दिशेची. इथे दर नोव्हेंबरात मर्चिसनच्या त्या स्मारकापाशी प्रार्थना होते, मग जेवण. तेव्हा शेतकऱ्यांची तेव्हाची लहान मुलं आठवणी सांगतात. त्याने मला पाव्याची शिट्टी करून दिली, त्याने मला खांद्यावर घेतलं. सगळं खरं. पण तारखा बघा. ८ सप्टेंबर १९४३ ला इटलीची शस्त्रसंधी जाहीर झाली. १३ ऑक्टोबरला इटलीने उलट जर्मनीवरच युद्ध पुकारलं. म्हणजे हे लोक आता शत्रू नव्हते. इंग्लंडने १९४४ मध्ये काम करायला तयार असलेल्यांना 'सहकारी' म्हणून थोड्या सवलती दिल्या, बाहीवर 'इटली' लिहिलेली पट्टी दिली. आमच्याकडे कैदी तो कैदीच राहिला. मे १९४५ मध्ये युरोपातलं युद्ध संपलं, ऑगस्टमध्ये जपान शरण आला. आणि बहुतेकांना जहाज मिळालं १९४६ च्या अखेरीला किंवा १९४७ उजाडल्यावर. जहाजं कमी होती हे कारण खरंच होतं. पण उभं पीक कापायला माणसं हवी होती, हेही होतंच. जानेवारी १९४१ मध्ये बार्दियाला सापडलेला माणूस घरी पोचला तेव्हा सहा वर्षं झाली होती. मागे ठेवलेलं रांगतं मूल शाळेत जात होतं.

त्यातली दोन-तीन वर्षं एका चांगल्या घरात गेली, एवढंच. त्या शिट्टीच्या आठवणी ऐकताना मला नेहमी वाटतं, ज्याने शिट्टी केली त्याचं पोर कुठे होतं?

"भारतातही इटालियन कैदी होते ना? ते कुठे होते, त्यांनाही शेतीवर लावलं होतं का?" (नागपूर)

होते, साठ हजारांवर. मुंबई बंदरात उतरवून आगगाडीने पुढे नेलेले कितीतरी. मोठ्या छावण्या बंगळूर, रामगढ (तेव्हा बिहारात), देहरादून, कांगड्यातलं योल आणि भोपाळजवळचं बैरागढ इथे. योलला मुख्यतः अधिकारी. शेतीवर लावायची गरज नव्हती, कारण भारतात मजुरांचा तुटवडा नव्हता, उलट माणसं जास्त आणि मजुरी कमी. म्हणून हे लोक वर्षानुवर्षं बसून राहिले, आणि म्हणूनच ऑस्ट्रेलियाने माणसं मागितली तेव्हा ती तिथून उचलता आली. बैरागढला तुम्ही नागपूरकर सहज जाऊ शकता. फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधी निर्वासितांना ठेवलं, आता तिथे मोठी बाजारपेठ आहे.

"याच्या उलट झालं का? आपले सैनिक इटलीत कैदी होते का?" (सोलापूर)

होते. रोमच्या पूर्वेला अब्रुत्सोच्या डोंगराळ भागात अवेत्सानो इथे भारतीय कैद्यांची वेगळी छावणी होती. शस्त्रसंधी झाली, पहारेकरी निघून गेले आणि जर्मन येण्याआधी हजारो कैदी डोंगरात पसरले. त्यांना लपवलं, जेवू घातलं ते तिथल्या शेतकऱ्यांनी. घरात कैदी सापडला तर जर्मन गोळी घालत. म्हणजे १९४३ च्या हिवाळ्यात इटालियन शेतकऱ्याच्या गोठ्यात भारतीय शिपाई आणि ऑस्ट्रेलियन शेतकऱ्याच्या गोठ्यात इटालियन शिपाई. एवढंच की पहिल्याला ठेवून घेणाऱ्याला आठवड्याला एक पौंडात राबणारा माणूस मिळत नव्हता.

"त्यांच्यापैकी कुणी पुन्हा परत आलं का? राहायला?" (रत्नागिरी)

बरेच आले. काही तर परत पाठवणीच्या वेळी छावणीतून पळाले आणि लपून राहिले, ते वेगळेच. बाकीचे इटलीत गेले, तिथे युद्धाने सगळं मोडलेलं पाहिलं आणि १९४८-५० नंतर ओळखीच्या शेतकऱ्यांना पत्रं लिहायला लागले. कारण यायचं तर इथल्या कुणीतरी कागदावर सही करून काम आणि राहायच्या जागेची हमी द्यावी लागे. कितीतरी शेतकऱ्यांनी ती दिली. शेपर्टनच्या आसपासच्या फळबागांची मालकी आज कुणाकडे आहे ते पाट्यांवरची आडनावं वाचली तरी कळतं. (त्यांतले काहीजण युद्धाआधीपासूनचे आहेत, तेही खरं.)

आजींच्या वडिलांनाही १९४९ मध्ये त्या चाळिशीच्या गृहस्थाचं पत्र आलं. गावातल्या इटालियन भाजीवाल्याकडून त्यांनी ते वाचून घेतलं. चार ओळी खुशालीच्या, आईच्या स्वयंपाकाची आठवण, पोरीला आशीर्वाद, आणि मग सहीचं. सोबत कोरा फॉर्म. वडिलांनी सही केली नाही. का, ते आजींना चाळीस वर्षं कळलं नाही. शेवटच्या आजारपणात ते एवढंच म्हणाले, की तेव्हा सैन्यातून परत आलेली पोरं कामं शोधत होती, गावात लोक बोलले असते. फॉर्म अजून आजींच्या कपाटात होता. त्यांनी मला दाखवला. पिवळा पडलेला, दोन घड्या घातलेला, मधे कागद विरलेला. त्याच डब्यात एक अंगठी होती, चांदीच्या फ्लोरिन नाण्याची. मधे भोक पाडून, चमच्याच्या पाठीने ठोकून ठोकून केलेली. नाणं वडिलांनीच दिलं होतं, नियम मोडून. आतल्या बाजूने बघितलं तर राजाच्या नावाची अक्षरं अजून पुसट दिसतात. आजींच्या बोटात ती नवव्या वर्षी सैल व्हायची आणि नंतर कधीच बसली नाही.

"माझे पणजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते, केरेनला लढले असं घरात सांगतात. माळ्यावर अॅल्युमिनियमची चपटी डबी सापडली. झाकणावर चर्चसारखं काही कोरलंय, खाली इंग्रजीत काही अक्षरं आणि १९४१. ही लूट आहे का? घरातल्यांना संकोच वाटतो." (कोरेगाव, जि. सातारा)

अहो, कोरेगाव! माझं माहेर तुमच्यापासून एस.टी.ने तासाभरावर.

केरेनचं घरचं सांगणं अगदी जुळतं. पूर्व आफ्रिकेत, एरिट्रियातल्या त्या घाटात फेब्रुवारी ते २७ मार्च १९४१ लढाई चालली, चौथी आणि पाचवी भारतीय डिव्हिजन तिथे होत्या, आणि पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण त्यांत होती. उघडे बोडके खडकाळ डोंगर, वर इटालियन, खाली आपले. पाणी आणि दारूगोळा पाठीवरून वर न्यायचा. केरेन पडल्यावर तिथेही कैद्यांची रीघ लागली.

संकोच वाटायचं कारण दिसत नाही. अशा डब्या कैदी स्वतः बनवत. जेवणाच्या डब्याचा नाहीतर पडलेल्या विमानाचा पत्रा घ्यायचा, खिळ्याने टोचून टोचून चित्र काढायचं, बहुधा आपल्या गावचं चर्च किंवा बंदर, आणि पहारेकऱ्याला देऊन सिगारेट घ्यायच्या. सिगारेटची डबी म्हणूनच ती चपटी असते. तुमच्या पणजोबांनी ती बदल्यात घेतली असण्याचीच शक्यता जास्त. म्हणजे त्यांनी चार-सहा सिगारेट दिल्या असतील, आणि त्या काळी शिपायाला त्या काही स्वस्त नव्हत्या.

अक्षरं काय आहेत ते फार महत्त्वाचं आहे. 'पी ओ डब्ल्यू' असेल तर कैद्याचीच. पुढे आकडा असेल तर तो छावणीचा किंवा कैद्याचा क्रमांक असू शकतो. दोन मोठी अक्षरं सुटी असतील तर नावाची. गावाचं नाव असेल तर मग काय, चर्चही सापडेल. डबी ब्रासो लावून घासू नका, चिंचेने तर मुळीच नको, आपल्याकडे तो मोह लगेच होतो. पुरावा चकाकून जातो. मऊ फडक्याने नुसती धूळ पुसा. संध्याकाळी ऊन तिरकं आलं की दारात धरा, मोबाइलचा फ्लॅश बंद ठेवा आणि झाकण थोडं थोडं फिरवत पाच-सहा फोटो काढा. खोदलेल्या रेषेत सावली बसली की अक्षर उठून दिसतं. आतली बाजूही काढा, तिथे पुष्कळदा जास्त लिहिलेलं असतं. फोटो मासिकाच्या पत्त्यावर पाठवा, माझ्यापर्यंत येतील.